रिसबूड सरांची पडद्याआडची शिकवणी

रिसबूड सरांवर स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं जळगावच्या कॉलेजातून मला कळवलं होतं. गोड लिहा असं कुणी म्हटलं नव्हतं, पण गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं असतं हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. मी दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले. स्मरणिका माझ्याविना छापून झाली. आता जे लिहिते आहे ते कुणी मागितलेलं नाही, त्यामुळे जरा खरं लिहिता येईल.

सर मराठी विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली नव्यानेच लागलेली व्याख्याती. एकोणीसशे साठ-पासष्टच्या आसपासची गोष्ट. जळगावच्या मे महिन्यात, जेव्हा कुत्रीसुद्धा गटारात जाऊन बसतात तेव्हा, हा माणूस बंद गळ्याचा कोट घालून, सगळी बटणं लावून वर्गावर जाई. घाम पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. "घाम येणं हा शिस्तीचा प्रश्न आहे," असं ते म्हणत, आणि म्हणताना समोर जो घामाघूम उभा असेल त्याच्याकडे बघत. पुण्याहून इकडे येऊन त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तरी कुणी विचारलं, तर "सध्या जळगावला असतो" असंच उत्तर देत.

गुण देणं हा त्यांचा धंदाही होता आणि व्यसनही. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा सरांनी आमटीचा भुरका मारला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बेचाळीस." मला काही कळेना. काकू शांतपणे म्हणाल्या, "आज चिंच जास्त झाली. काल सत्तावन्न होते." लग्न झाल्यापासून हे चाललं होतं. मी विचारलं, कधी पहिला वर्ग मिळाला का? काकू म्हणाल्या, "सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्या आमटीला मिळायचा." सर हसले. काकू भात वाढायला उठल्या.

वर्गात त्यांची जीभ याहून धारदार चाले. साक्रीकडच्या एका खेड्यातून आलेला सुकलाल नावाचा मुलगा होता. मागच्या बाकावर बसायचा, तोंड उघडायचा नाही. एकदा सरांनी कवितेतल्या बाईबद्दल विचारलं, ती गप्प का आहे? कुणालाच येईना. सुकलालला आलं. तो उठला आणि भान विसरून घरच्या अहिराणीत म्हणाला, "सर, तिना मनमा बठ्ठं दुखच दुख शे. ती काय बोली?"

मनात सगळं दुःखच असलेली बाई काय बोलणार? उत्तर बरोबर होतं. मला वाटतं म्हणूनच सरांना ते सोसलं नाही. त्यांनी सुकलालला फळ्यापाशी बोलावलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग वर्गाला म्हणाले, "आता कुणीतरी याचं मराठीत भाषांतर करा." वर्ग पोट फुटेस्तोवर हसला. हसणाऱ्यांतली निम्मी पोरं घरी आईशी तेच बोलत होती. त्या दिवसापासून हजेरी घेताना सर त्याचं नाव आलं की थांबत आणि म्हणत, "सुकलाल शे का?" रोज. दिवाळीनंतर सुकलाल आलाच नाही. प्राध्यापकांच्या खोलीत सर म्हणाले, "चला, एक जागा रिकामी झाली," आणि चहात बिस्कीट बुडवलं.

आता दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर मी खोटी ठरेन. हा माणूस शिकवायचा फार सुंदर. बी.ए.ला तेव्हा एका अख्ख्या पेपराला एकच कादंबरी असे. ती जुनी, जाडजूड, राजे-सरदार आणि किल्ल्यांची होती. सर ती वाचून दाखवत तेव्हा शास्त्र शाखेची मुलं खिडक्यांशी येऊन उभी राहत. म्हातारा किल्लेदार मरतो ते प्रकरण वाचताना त्यांचा आवाज इतका खाली जाई की आम्ही श्वास रोखून पुढे झुकायचो. मी स्वतः रडले आहे. असं वाचणाऱ्या माणसाला देवाने तसलं कोतं मन का दिलं, हा प्रश्न मी पुष्कळदा देवाला विचारला आहे.

सर वाचत नसत ती एकच गोष्ट, परिपत्रक. विद्यापीठाकडून कागद आला की ते त्याच्यावर चहाचा कप ठेवत. "परिपत्रकं कारकुनांनी वाचायची. मी साहित्य वाचतो."

कॉलेजच्या कार्यकारी मंडळावर झुंबरशेठ म्हणून एक डाळीचे कारखानदार होते. मूळचे मारवाडातले, पण तीन पिढ्या खानदेशात. त्यांच्या थोरल्या मुलाची बायको सुशीला. तिचं माहेर धुळ्याचं. ती तिथल्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली, आणि लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी हात जोडून एक मागणं मागितलं होतं, पोरीला बी.ए.ची परीक्षा देऊ द्या. शेठनी शब्द दिला, पण मोजून दिला. कॉलेजात जायचं नाही, घरी बसून बहिःस्थ म्हणून द्यायची, आणि एकदाच. बसली तर याच वर्षी. पुन्हा नाव काढायचं नाही.

शिकवायला कोण? मंडळाच्या माणसाला नाही कोण म्हणणार? रिसबूड सर दर आठवड्याला एका दुपारी त्या कादंबरीच्या पेपरासाठी शेठच्या घरी जाऊ लागले; बाकीचे पेपर तिचे तिनेच करायचे होते.

त्या घराचा रिवाज असा की सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. तोंड दाखवायचं नाही आणि आवाजही ऐकू जाऊ द्यायचा नाही. परका पुरुष घरात आला म्हणजे सासरा बैठकीत बसणारच. म्हणून व्यवस्था अशी झाली. बैठकीत गादीवर सर, शेजारी तक्क्याला टेकून शेठ, मधल्या दाराला जाड पडदा आणि पडद्याच्या आत सुशीला. सर शिकवत. थोड्या थोड्या वेळाने विचारत, "समजलं?" आतून बांगड्या वाजत. वाजल्या म्हणजे समजलं. नाही समजलं तर काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

सर खूश होते. आम्हाला सांगत, "माझी सर्वोत्तम विद्यार्थिनी तीच. बोलत नाही." शेठही खूश होते. त्यांना ती कादंबरी लागली होती. एका दुपारी सर निघाले तर शेठनी त्यांना पुन्हा खाली बसवलं. "सरजी, किल्लेदाराचं काय होतंय तेवढं सांगून जा. रात्री झोप नाही यायची."

आणि आत बसलेल्या सुशीलेला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं की ही कादंबरी तिच्या परीक्षेला नाहीच.

त्या वर्षी विद्यापीठाने बहिःस्थ विद्यार्थ्यांना नवा अभ्यासक्रम लावला होता. आमच्या वर्गातल्या मुलांना जुनाच चालू होता, त्यामुळे सरांच्या कानावर काही यायचं कारण नव्हतं. सुशीलेला वडिलांनी धुळ्याहून विद्यापीठाची छापील पुस्तिका आणून दिली होती. तिच्यात दुसऱ्याच, नव्या कादंबरीचं नाव होतं. तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सर पुण्याचे आहेत. त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं." नवं पुस्तक मागवायचं तर शेठना सांगायला हवं, म्हणजे सरांची चूक शेठच्या कानावर घालायला हवी, आणि ती कोणी घालायची? मग तिने ती पुस्तिका, बरोबर पान उघडून, चहाच्या ताटात ठेवून गिरजाक्काकडून बाहेर पाठवली. गिरजाक्का म्हणजे घरची जुनी मोलकरीण. सरांनी पुस्तिका खाली ठेवली, तिच्यावर कपबशी ठेवली आणि चहा प्यायले. दोनदा तिने ते करून पाहिलं. एकदा सर बोलत असताना मध्येच जोरात बांगड्या वाजवल्या. सर म्हणाले, "मी विचारीन तेव्हा."

परीक्षा तोंडावर आली तेव्हा शेठना कुणाच्या तरी मयतीला धुळ्याला जावं लागलं. त्या दुपारी बैठकीत शेठाणी बसल्या. सासूसमोर हळू बोललेलं त्या घरात चालत असे. सर दुसऱ्या दिवशी कॉलेजात आले ते कपाळाला आठ्या घालूनच. मला म्हणाले, "काल पडदा बोलला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सर, हे पुस्तक यंदा नाही." त्यांनी तिच्या आवाजाची नक्कल केली. "वर्षभर गप्प बसली आणि बोलली तर काय, मला अभ्यासक्रम शिकवते!"

मी उठले आणि कपाटातून परिपत्रक काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्याच्यावर कपाचं गोल वर्तुळ उमटलं होतं, पण अक्षरं शाबूत होती. सरांनी वाचलं. त्या कोटाच्या गळपट्टीवर मी पहिल्यांदा घाम पाहिला. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

"ही नवी कादंबरी कुणी वाचली आहे?" त्यांनी विचारलं.

मी वाचली होती. मी त्या वयात हाताला लागेल ते वाचत असे.

"मग आज दुपारी तू माझ्याबरोबर येतेस. तू बाई आहेस, तुला आत जाता येईल. शेठना सांगू, उजळणीला बाई आणली."

अशी मी पडद्याच्या आत गेले. सुशीला माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. गोल चेहरा, डोळ्यांखाली काळं. मी माझं पुस्तक तिच्या हातात दिलं तर तिने ते आधी नुसतंच धरून ठेवलं. शेठ परत आले होते आणि बाहेर बसले होते, म्हणून आम्ही कानात बोलायचो. बाहेर सर, ज्यांनी ते पुस्तक उघडलेलंही नव्हतं, "स्त्रीजीवनाचं चित्रण" वगैरे कुठेही चालतील अशी वाक्यं मोठ्याने बोलत राहायचे. आत आम्ही दोघी ताटावर वाकल्यासारख्या त्या पुस्तकावर वाकलेल्या. कादंबरी तालुक्याच्या गावात खाणावळ चालवणाऱ्या एका बाईची होती. सुशीला अशी वाचत होती की मला पानं उलटायला उशीर व्हायचा. मी प्रश्न विचारायची, ती माझ्या कानाशी तोंड आणून उत्तर द्यायची. कादंबरीतली बाई शेवटी खाणावळ बंद करून निघून जाते, तिथे मी विचारलं, हे तिचं हरणं आहे का? ती कुजबुजली, "जायला मिळालं ना तिला? मग हरली कशी?" हे मला वर्गात शिकवताना सुचलं नसतं. पोरगी पहिल्या वर्गात आली असती. हे मी कौतुकाने नाही म्हणत, मी पुढे अनेक वर्षं पेपर तपासले आहेत.

तिसऱ्या दुपारी पुस्तक संपत आलं. परीक्षेचं केंद्र धुळ्याला होतं, वडील दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते, तिची पेटी भरून दाराशी ठेवली होती. आणि बाहेर शेठनी घसा खाकरला.

"सरजी, एक विचारू? वर्षभर राजे-रजवाडे होते. आता ही खाणावळवाली कोण आली?"

वर्षभर मनापासून ऐकणारे तर शेठच होते!

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? शेठ रागावले असते, मंडळात दोन शब्द बोलले असते. सरांची नोकरी जाणार नव्हती. जाणार होती ती नुसती ऐट. सर म्हणाले, "काय सांगू शेठजी. सूनबाईंनी वर्षभर चुकीचं पुस्तक पुढ्यात ठेवलं. मी विश्वासाने तेच शिकवत गेलो. आता ध्यानात आलं म्हणून धावपळ." आणि पडद्याकडे तोंड करून, नेहमीच्या वर्गातल्या आवाजात, "बरोबर ना, सूनबाई?"

मी ताडकन उठले. सुशीलेने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की वळ उठला. मान हलवून ती नको नको म्हणत होती. कानाशी येऊन म्हणाली, "सर खोटे पडले तर सासरे सगळंच बंद करतील. माझी चूक म्हणू दे. रागावतील आणि जाऊ देतील."

आणि तिने बांगड्या वाजवल्या.

मग शेठ बोलले. आवाज चढवला नाही. तो माणूस तसा दुष्ट नव्हता, हिशेबी होता. "सरजी, जिला वर्षभर पुस्तक कुठलं ते समजलं नाही, तिला परीक्षेला पाठवून काय होणार? नापास होईल. धुळ्यात व्याही, जळगावात मी, दोघांचं हसू. ऱ्हाऊ द्या. पेटी आत घ्यायला सांगा."

सुशीलेच्या हातात माझं पुस्तक होतं. शेवटची पानं राहिली होती. ती तशीच वाचत राहिली. मी तिच्याकडे बघत होते आणि ती वर बघत नव्हती.

रस्त्यात मी सरांना काय काय बोलले ते आठवत नाही. बरंच बोलले असणार, कारण पानवाला दुकानातून बाहेर येऊन बघत होता. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू अजून कायम झालेली नाहीस, नाही का?" पुढे चालायला लागले आणि वळून म्हणाले, "शिवाय तीन दिवसांत कुणी कादंबरी तयार करतं का? सुटली बिचारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी शेठकडे गेले आणि घडलं ते सांगितलं. शेठनी मला पाणी दिलं, खाली बसवलं. म्हणाले, "बाई, माझ्या बहूनं माझ्यासमोर हो म्हटलं. तुम्ही म्हणता ती खोटं बोलली. आता मी तिला नापास समजू का खोटारडी? एक काय ते सांगा." मी पाण्याचा पेला खाली ठेवून उठले. मी बाहेर पडत असताना सुशीलेचे वडील टांग्यातून उतरत होते. हातात मिठाईची टोपली होती. नंतर गिरजाक्का बाजारात भेटली तेव्हा मी विचारलं. ती म्हणाली, "काय सांगू बाई. बापनी टोपली ठी दिधी ना उलटा पायवर गया. पोर पापड लाटी ऱ्हायनी. रडनीबी नही." वडील टोपली ठेवून उलट्या पावली गेले, पोर पापड लाटत होती आणि रडलीसुद्धा नाही.

मी त्या वर्षी कायम झाले नाही. धुळ्याच्या कॉलेजात जागा मिळाली, तिथेच आयुष्य गेलं.

सरांचं मात्र छान चाललं. वर्षभरातच त्यांनी या प्रकाराची गोष्ट बनवली. व्याख्यानाला कुठेही गेले, सावदा असो की धुळे, की ती सांगत. एक मारवाडी सूनबाई, वर्षभर पडद्यामागे, वर्षभर चुकीचं पुस्तक मांडीवर, आणि विचारलं की बांगड्या छन छन! सर मनगट हलवून दाखवत. त्यांच्यासारखं सांगायला कुणाला येत होतं? लोक डोळे पुसेपर्यंत हसत. मी समोर बसून ती तीनदा ऐकली आहे. तिसऱ्या वेळी तर सरांना स्वतःलाच ती खरी वाटत होती, याची मला खात्री आहे. खोटं बोलणाऱ्या माणसावर राग तरी काढता येतो. याचं काय करायचं?

सर निवृत्त झाले तेव्हा जळगावला सत्कार होता. मी गेले. काकूंसाठी गेले, असं स्वतःला सांगितलं. झुंबरशेठ वारले होते, आणि त्यांच्या घराकडून काकूंची ओटी भरायला जी बाई व्यासपीठावर आली ती सुशीला होती. डोक्यावर पदर, पण तोंड उघडं. कानशिलावरचे केस पांढरे झालेले. ती कोण, कुठल्या घरची, हे कुणी पुकारलं नव्हतं; सरांनी तिला नमस्कार केला, तिने सरांना केला. त्यांनी तिचा चेहरा जन्मात पाहिलेला नव्हता आणि आवाज एकदाच, एका वाक्यापुरता ऐकला होता. ओटी भरून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

मग सरांचं भाषण झालं. किल्लेदाराचं मरण झालं, सभागृह गहिवरलं. आणि लगेच लोकांना हसवायला म्हणून ती गोष्ट. सुशीला मांडीवर हात ठेवून ऐकत होती. लोक हसले तेव्हा तिच्या शेजारची बाई तिच्या खांद्यावर हात मारून हसली.

चहाच्या वेळी सर सगळ्यांशी गोड बोलत हिंडत होते. हातात पेढा होता. आमच्यापाशी आले, मला ओळखलं, आणि सुशीलेकडे वळून मोठ्या अगत्याने म्हणाले, "आपलं शिक्षण कुठवर झालं, बाई?"

"इंटर," ती म्हणाली. "बी.ए.ची तयारी झाली होती. परीक्षेला बसले नाही."

"अरेरे!" सर म्हणाले. खरंच हळहळले. मी शपथेवर सांगते, त्यांचे डोळे ओलसर झाले. "असं होतं पुष्कळ मुलींचं. चांगला शिक्षक भेटला नसेल." आणि उरलेला अर्धा पेढा तोंडात टाकून ते पुढच्या माणसाकडे गेले.